महाड व पोलादपूर तालुक्यांतील हवाई बचावकार्य

महाड आणि पोलादपूर हे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले दोन शेजारी तालुके आहेत. या तालुक्यांसाठी स्वतंत्र हवाई रुग्णवाहिका अथवा नियमित हेलिकॉप्टर सेवा नाही. पूर, दरड कोसळणे किंवा पूल वाहून जाणे अशा मोठ्या आपत्तीच्या वेळी भारतीय नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल यांची हेलिकॉप्टरे शोध, सुटका व मदतसाहित्य पोहोचवण्यासाठी बोलावली जातात. २०१६ मधील सावित्री पूल दुर्घटना आणि २०२१ मधील महापूर ही अशा कार्याची दोन प्रमुख उदाहरणे होत. ज्या पावसामुळे या भागात आपत्ती ओढवते, त्याच पावसाचे ढग हेलिकॉप्टरलाही अडवून धरतात. त्यामुळे येथे पहिल्या काही तासांतील सुटका बहुधा जमिनीवरूनच, आणि पुष्कळदा स्थानिक रहिवाशांच्याच हातून झालेली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून पोलादपूर तालुक्यात उतरते, महाड शहराला वळसा घालून पश्चिमेस जाते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. गांधारी आणि काळ या तिच्या उपनद्या महाड तालुक्यात तिला मिळतात. महाड हे पूर्वी खाडीमार्गे गलबते येणारे व्यापारी बंदर होते. भरतीचा प्रभाव शहराच्या जवळपर्यंत जाणवतो, त्यामुळे डोंगरातून येणारा लोंढा आणि समुद्राची भरती यांची गाठ पडली की पाणी बाजारपेठेत शिरते. महाड येथे सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर मानली जाते.

बाहेरून या भागात येण्याचे मार्ग मोजकेच आहेत. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६६, पूर्वीचा क्र. १७) दासगाव, महाड, पोलादपूर असा जाऊन कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. आंबेनळी घाट पोलादपूरला महाबळेश्वरशी आणि वरंधा घाट महाडला भोरशी जोडतो. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर हे आहे. अतिवृष्टीत घाटांत दरडी येतात आणि महामार्गाचा सखल भाग पाण्याखाली जातो. हे एकाच वेळी घडले तर दोन्ही तालुके चहूबाजूंनी तुटतात. डोंगरउतारावरील वाड्यांची स्थिती याहून बिकट असते. अनेक वाड्यांचा एकमेव रस्ता एखाद्या ओढ्यावरील मोरीवर अवलंबून असतो, आणि ती मोरी वाहून गेली की आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणण्यावाचून पर्याय उरत नाही.

दक्षिण मुंबईतील नौदलाच्या हेलिकॉप्टर तळापासून महाडचे सरळ हवाई अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. हेलिकॉप्टरला हे अंतर कापण्यास अर्धा ते पाऊण तास लागतो. रस्त्याने मुंबई–महाड अंतर सुमारे १७५ किलोमीटर असून, महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे प्रवासाला चार-पाच तास सहज लागतात. हवाई सेवेची चर्चा या भागात पुन्हा पुन्हा का निघते, हे या दोन आकड्यांवरून समजते.

जमिनीवरील रुग्णसेवा

महाड आणि पोलादपूर येथे शासनाची ग्रामीण रुग्णालये असून माणगाव येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे, म्हणजे महाडपासून सुमारे १०० किलोमीटरवर. मेंदूला मार लागलेले, मोठ्या प्रमाणात भाजलेले किंवा तातडीच्या हृदयशस्त्रक्रियेची गरज असलेले रुग्ण सामान्यतः पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईकडे पाठवले जातात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. तेथे ३ नोव्हेंबर २०२३ रोजी एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन लागलेल्या आगीत ११ कामगार मृत्युमुखी पडले. भाजलेल्या रुग्णासाठी अंतराचा प्रश्न केवळ पावसाळ्यापुरता नाही, याची जाणीव या घटनेने करून दिली.

रुग्णवहनाचा मुख्य भार १०८ क्रमांकाच्या सेवेवर आहे. महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा या नावाने ती २०१४ मध्ये राज्यभर सुरू झाली. प्रारंभी तिच्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक, तर ७०४ प्राथमिक जीवनरक्षक प्रकारच्या होत्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होय. देशातील इतर अनेक राज्यांत रुग्णवाहिकेत तंत्रज्ञ असतो, डॉक्टर नसतो. याशिवाय मुंबई–गोवा महामार्गावर नाणीज येथील जगद्गुरु नरेंद्राचार्यजी महाराज संस्थानाच्या विनामूल्य रुग्णवाहिका अपघातग्रस्तांना रुग्णालयात पोहोचवतात.

इतिहास

२००५ ची अतिवृष्टी

२५ आणि २६ जुलै २००५ रोजी झालेल्या पावसात महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. त्यांत दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २६ जुलै रोजी मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मुंबई विमानतळ बंद ठेवावा लागला. महाडला जेथून तातडीची मदत मिळायची, ते शहरच त्या दिवशी बुडाले होते. कोकणातील मदतयंत्रणा मुंबईवर अवलंबून असण्यातला धोका इतक्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच दिसला असेल. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) त्या वेळी अस्तित्वातही नव्हते. ते २००६ मध्ये स्थापन झाले.

सावित्री पूल दुर्घटना, २०१६

२ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महाडजवळील सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बसगाड्या आणि काही खासगी वाहने नदीत गेली. मृतांची व बेपत्तांची संख्या ४० च्या आसपास होती. अंधारात पूल नाहीसा झाल्याचे प्रथम लक्षात आले ते जवळच्या एका गॅरेजमधील कामगाराच्या. त्याने येणारी वाहने थांबवली नसती, तर हा आकडा कितीतरी वाढला असता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तटरक्षक दलाचे चेतक हेलिकॉप्टर नदीपात्रावरून शोध घेऊ लागले. नौदलाने सी किंग हेलिकॉप्टर आणि पाणबुडे पाठवले, तर एनडीआरएफची पथके नौकांसह उतरली. गढूळ पाणी, जोरदार प्रवाह आणि नदीतील मगरी यांमुळे पाणबुड्यांचे काम कठीण झाले. लोखंडी सांगाडा शोधण्यासाठी क्रेनला टांगलेले वजनदार लोहचुंबक पाण्यात फिरवावे लागले. अनेक मृतदेह खाडीतून थेट समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेले होते. या मोहिमेत हेलिकॉप्टरचा उपयोग शोधापुरताच झाला, रुग्णवहनासाठी नव्हे. नदीत पडलेल्यांपैकी हवेतून उचलावे असे कोणी उरलेच नव्हते. त्या जागी उभारलेला नवा पूल १६५ दिवसांत पूर्ण होऊन जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

आंबेनळी घाटातील बस अपघात, २०१८

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरच्या सहलीस नेणारी बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण ठार झाले आणि एकच प्रवासी वाचला. त्यानेच दरीतून वर चढून येऊन अपघाताची खबर दिली.

दाट झाडी, उभे कडे, धुके आणि पाऊस अशा त्या दरीत मृतदेह वर आणण्याचे काम दोरांच्या साहाय्याने दुसऱ्या दिवसापर्यंत चालले. महाबळेश्वर, पोलादपूर व महाड परिसरातील गिर्यारोहक, पोलीस, ग्रामस्थ आणि एनडीआरएफचे जवान यांनी ते पार पाडले. हेलिकॉप्टरमधून तारेने माणूस उचलण्यासाठी यंत्राला एका जागी स्थिर तरंगावे लागते, पात्याभोवती मोकळी जागा लागते आणि वैमानिकाला जमीन दिसावी लागते. जुलै महिन्यातील आंबेनळीत यांपैकी एकाही गोष्टीची खात्री देता येत नाही. गिर्यारोहकांच्या पथकांचे या घाटांतील महत्त्व त्यामुळेच कायम आहे. अपघाताच्या बातम्यांत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो.

जुलै २०२१ चा महापूर आणि तळीये

२२ जुलै २०२१ रोजी महाड, पोलादपूर आणि रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथे एकाच वेळी महापूर आला. सावित्रीच्या उगमस्थानी, म्हणजे महाबळेश्वर येथे, २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड शहर पाण्याखाली गेले, वीज गेली आणि मोबाईल संपर्कही तुटला.

त्याच दिवशी सायंकाळच्या सुमारास महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगराचा कडा कोसळला. मृत आणि नंतर मृत घोषित केलेले बेपत्ता मिळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून जीवितहानी झाली. रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली असल्याने तळीयेची बातमी बाहेर पोहोचण्यासच बराच वेळ गेला. शासकीय पथके तेथे पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत ढिगारा उपसण्याचे काम ग्रामस्थ आणि आसपासच्या गावांतील तरुण हातांनी करीत होते.

पश्चिम नौदल कमांडने २२ जुलैलाच आपली पूरबचाव पथके रस्त्याने रायगड व रत्नागिरीकडे रवाना केली. २३ जुलै रोजी पहाटे कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या तळावरून एक सी किंग ४२सी हेलिकॉप्टर पोलादपूर परिसरात अडकलेल्या लोकांची हवाई पाहणी करण्यासाठी निघाले. उजाडताच एक प्रगत हलके हेलिकॉप्टर (ध्रुव) बचाव पथकासह रायगड जिल्ह्याकडे झेपावले. हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी ओडिशातून एनडीआरएफची पथके महाराष्ट्रात आणली. भूदलाच्या मदतकार्याला ‘ऑपरेशन वर्षा २१’ असे नाव देण्यात आले होते.

हा घटनाक्रम नीट पाहिला तर वेळेचा हिशेब उघड होतो. कडा कोसळला तेव्हा दिवस मावळत आला होता, पाऊस थांबलेला नव्हता आणि ढग डोंगरमाथ्याच्या खाली उतरले होते. पहिले उड्डाण दुसऱ्या पहाटेपूर्वी शक्य नव्हते. दरडीखाली सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने हे बारा तास फार मोठे असतात. पुढच्या काळात हवाई मदतीचा खरा लाभ झाला तो छतांवर आणि उंचवट्यांवर अडकलेल्या पूरग्रस्तांना, तसेच अन्नपाण्याच्या पुरवठ्याला.

इर्शाळवाडी, २०२३

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातीलच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हे ठिकाण महाडपेक्षा मुंबईला कितीतरी जवळ आहे. मदतीसाठी हवाई दलाची दोन हेलिकॉप्टरे सांताक्रूझ येथे सज्ज ठेवण्यात आली होती, परंतु खराब हवामानामुळे ती उडू शकली नाहीत. जवानांना, डॉक्टरांना आणि साहित्याला निसरड्या पायवाटेने डोंगर चढून जावे लागले. ही चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. हेलिकॉप्टर उपलब्ध असणे आणि ते घटनास्थळी पोहोचणे यांतील फरक दाखवण्यासाठी महाड–पोलादपूरच्या संदर्भात हे उदाहरण नेहमी दिले जाण्याजोगे आहे.

उतरण्याच्या जागा

या दोन तालुक्यांत विमानतळ नाही. हेलिकॉप्टरसाठी शाळा-महाविद्यालयांची मैदाने, औद्योगिक वसाहतीतील मोकळ्या जागा आणि पाचाडसारख्या ठिकाणची तात्पुरती उतरणस्थळे वापरली जातात. त्यांचा वापर आपत्तीपेक्षा रायगड किल्ल्यावर किंवा महाडच्या चवदार तळ्याला भेट देणाऱ्या मान्यवरांसाठी अधिक होतो.

खुद्द रायगडावरील होळीच्या माळावर एके काळी हेलिकॉप्टर उतरत असे. उडणारी धूळ व कचरा छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर पडतो, या कारणाने शिवप्रेमींनी त्याला विरोध केला आणि १९९६ मध्ये तेथील हेलिपॅड काढून टाकण्यात आले. डिसेंबर २०२१ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या रायगड भेटीच्या वेळी हा विषय पुन्हा चर्चेत आला. लोकभावनेचा मान राखून ते गडावर हेलिकॉप्टरने न उतरता रोपवेने गेले. हा रोपवे १९९६ मध्येच सुरू झाला. गडावर अचानक आजारी पडलेल्या व्यक्तीला पायथ्याशी आणण्याचाही तोच सर्वांत जलद मार्ग आहे.

तात्पुरत्या जागांवर उतरण्यातील जोखीम ३ मे २०२४ रोजी दिसून आली. लोकसभा निवडणुकीच्या प्रचारकाळात शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या नेत्या सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेले खासगी हेलिकॉप्टर महाड येथे उतरताना कोसळले. त्या हेलिकॉप्टरमध्ये चढलेल्या नव्हत्या आणि वैमानिकही बचावले. हा अपघात मे महिन्यातील कोरड्या हवेत, दिवसाउजेडी झाला होता. उन्हाळ्यात अशा मैदानांवर पात्याच्या वाऱ्याने धुळीचा लोट उठून जमीन दिसेनाशी होते, तर पावसाळ्यात तीच जमीन चिखल होऊन चाकांखाली खचते. पक्का पृष्ठभाग, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी, रात्रीचे दिवे आणि भोवती तारा व झाडे नसलेला मार्ग या साध्या गोष्टी हेलिकॉप्टर विकत घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. तरीही चर्चेत त्यांचा क्रम शेवटी लागतो.

इतरत्र असलेल्या सेवा

दुर्गम प्रदेशात हेलिकॉप्टरचा उपयोग वाहतूक आणि रुग्णसेवा या दोन्हींसाठी करण्याची पद्धत अतिउत्तरेकडील देशांत रुजलेली आहे. ग्रीनलंडमध्ये दोन गावांना जोडणारे रस्ते नाहीत. तेथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आणि आज एअर ग्रीनलंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीची हेलिकॉप्टरे प्रवासी, टपाल आणि रुग्ण यांची ने-आण करतात. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ पासून रेगा ही संस्था डोंगरांत हवाई बचावकार्य करते. अशा ठिकाणी वैमानिक तीच दरी, तोच वारा आणि तीच उतरण्याची जागा वर्षभर पाहत असतात. सह्याद्रीत येणारा लष्करी वैमानिक कितीही कुशल असला, तरी तो पोलादपूरच्या एखाद्या वाडीवर बहुधा प्रथमच, आणि तेही वर्षातील सर्वांत वाईट दिवशी, येत असतो.

भारतात १९८५ मध्ये स्थापन झालेली पवन हंस ही हेलिकॉप्टर कंपनी या प्रकाराला सर्वांत जवळची आहे. मुंबईतील जुहू येथून बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर कर्मचारी नेणे हे तिचे मूळ काम. ईशान्य भारत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप येथे तिची हेलिकॉप्टरे प्रवाशांसह रुग्णांचीही वाहतूक करीत आली आहेत. जुहू येथून समुद्राकडे हेलिकॉप्टरे उडत असताना रायगड जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत एकही रुग्ण नेण्याची नियमित सोय नसावी, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

उत्तराखंडमध्ये ऋषिकेशच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची (एम्स) ‘संजीवनी’ ही हेलिकॉप्टर रुग्णसेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी तिचे हेलिकॉप्टर केदारनाथ येथे उतरताना अपघातग्रस्त झाले. त्यातील सर्व जण सुखरूप राहिले. मध्य प्रदेश शासनानेही २०२४ मध्ये ‘पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ योजना सुरू केली. महाराष्ट्रात खासगी कंपन्यांच्या हवाई रुग्णवाहिका भाड्याने मिळतात, परंतु त्या प्रामुख्याने विमानतळ ते विमानतळ अशा असतात आणि त्यांचा खर्च डोंगरवाडीतील कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

पावसाळी सज्जता

एनडीआरएफची महाराष्ट्रासाठीची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यातील सुदुंबरे येथे आहे. तेथून महाडला यायचे तर सह्याद्री ओलांडावा लागतो, म्हणजे ऐन आपत्तीत नेमके बंद पडणारे घाटरस्तेच वापरावे लागतात. २०२१ च्या अनुभवानंतर महाड येथे एनडीआरएफचा कायमस्वरूपी तळ असावा या मागणीने जोर धरला आणि पावसाळ्यात येथे एक पथक आधीपासून आणून ठेवण्यात येऊ लागले. नौका, दोर, कापणीयंत्रे आणि प्रथमोपचाराचे साहित्य या पथकाजवळ असते. हेलिकॉप्टर मागवायचे झाल्यास मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनाकडे आणि तेथून संरक्षण दलांकडे जाते. उड्डाणाचा अंतिम निर्णय त्या वेळचे हवामान पाहून तळावर घेतला जातो.